काकांचा 11 वर्षांचा डायव्हिंग संच: काय ठेवलं, काय काढलं

बॅगेची चेन उघडेना. मिठाने दात धरले होते. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कुठे करकरत सरकली. आतून कोंदट रबराचा वास आला आणि तळाशी पांढरी बारीक पूड दिसली. काका म्हणाले, "सगळं चालू आहे गं. फक्त एकदा साफ करून दे. पुतण्याला द्यायचंय. कोर्स संपलाय त्याचा."

मी आमच्या डायव्हिंग क्लबची साधनं सांभाळते. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणणारं साधन, उघडण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे आणि तेच काम रोज करते. काका क्लबमधले जुने, ज्येष्ठ. माझ्या पहिल्या खोल डाइव्हला तेच शेजारी होते. संच 11 वर्षांचा, त्यावर 300च्या आसपास डाइव्ह झालेल्या आणि शेवटची 4 वर्षं तो बॅगेत बंद. "चालू आहे" हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं, कारण बॅग बंद केली त्या दिवशी तो चालूच होता. पण रबर आणि पितळ कपाटात पडून असतानाही बदलत राहतं.

काकांच्या मनातला प्रश्न "संच ठेवायचा की नवा घ्यायचा" असा होता. मी तो तसा घेतला नाही. संच म्हणजे निदान 20 वेगवेगळ्या वस्तू आणि प्रत्येकीचं मरण वेगळं. कुठल्याही भागाबद्दल मी आधी एक गोष्ट पाहते: दुरुस्ती केल्यावर ती खरंच झाली आहे हे मला मोजून दाखवता येईल का? मोजता येत असेल तर वस्तू कितीही जुनी असो, तिला संधी द्यावी. मोजता येत नसेल तर मी फक्त आशेवर माणसाला पाण्याखाली पाठवत असते. दुसरी गोष्ट, तो भाग बिघडला तर माणसाची कुठली अवस्था होते. आणि या प्रकरणात तिसरी होती. या वस्तू आता वेगळ्या माणसाच्या अंगावर जाणार होत्या.

फर्स्ट स्टेज: तीन दिवस खाल्लेला भाग

फर्स्ट स्टेज म्हणजे टाकीच्या तोंडावर बसणारा पितळी ठोकळा. टाकीतली 200 बारची हवा तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त, एवढ्यावर आणून नळीत सोडतो. या मधल्या दाबाला आम्ही आयपी म्हणतो. काकांचा नग डायफ्राम (रबरी पडदा) पद्धतीचा, बॅलन्स्ड. म्हणजे टाकी भरलेली असो की रिकामी होत आलेली, आयपी जवळपास तोच राहायला हवा.

उघडण्याआधी जशीच्या तशी जोडून पाहिली. बीसीडीच्या, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या, नळीच्या टोकाला आयपीचं गेज लावलं आणि टाकी हळूच उघडली. काटा 9.6 वर गेला. इथपर्यंत छान. पर्ज (तोंडात धरायच्या सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबला की काटा खाली यायचा आणि परत चढायचा, पण चढून थांबायचा नाही. 9.6, 9.9, 10.3. पाच मिनिटांत 11 ओलांडले आणि सेकंड स्टेजमधून बारीक हिस्स ऐकू यायला लागलं. काका म्हणाले, "हे तर आधीपासून होतं. टाकी उघडून ठेवली की जरा सूं सूं करतं."

हे सूं सूं म्हणजे आयपी सरकणं. आतली सीट (हवेची वाट बंद करणारी टिकली) त्या वाटेच्या धारेवर पूर्ण बसत नाही, उच्च दाबाची हवा थोडीथोडी झिरपते आणि मधला दाब वाढत जातो. सेकंड स्टेजची झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच उघडते, म्हणून जास्तीचा दाब तिथून बाहेर पडतो. म्हणजे हा बिघाड हवा कोंडत नाही, हवा वाहवतो. रचना करणाऱ्यांनी हे मुद्दाम असं ठेवलं आहे आणि त्याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. तरीही 30 मीटरवर नळ असा वाहू लागला तर टाकी रिकामी व्हायला काही मिनिटं पुरतात. माणूस अनुभवी नसेल तर तो त्या बुडबुड्यांच्या गोंधळात वर पळतो आणि खरा धोका त्या पळण्यात असतो.

उघडली तेव्हा आत येण्याच्या तोंडावरची गाळणी हिरवट निघाली. ही गाळणी कांस्याच्या कणांची, दाबून भाजलेली असते आणि तिचा मूळ रंग सोनेरी. हिरवी झाली तर खारं पाणी आत गेलं असं समजायचं. लालसर तपकिरी पूड दिसली तर पोलादी टाकीचा गंज. काकांच्या बाबतीत कारण सरळ होतं. धुताना धूळटोपी नीट बसवली नव्हती, बहुधा एकदा नाही, अनेकदा.

बाहेरच्या क्रोमला फोड आले होते. काकांना त्याचीच काळजी. पण बाहेरचं क्रोम उडालं तरी श्वासाला काही होत नाही. मी पाहते ते आतल्या खाचा, जिथे ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बसते. तिथे खड्डा पडला असेल तर नवी ओ-रिंगही गळते आणि मग तो ठोकळा संपला. भाग सुटे केले, सौम्य आम्लाच्या द्रावणात अल्ट्रासॉनिक टबमध्ये टाकले. हिरवा थर ढगासारखा सुटून पाण्यात पसरला. धुऊन, कोरडे करून 10 पट भिंगाखाली खाचा पाहिल्या. गुळगुळीत. ठोकळा वाचण्यासारखा होता.

नवं सर्व्हिस किट घातलं: सीट, ओ-रिंग, गाळणी, डायफ्राम. जोडलं, टाकी उघडली, काटा 9.5 वर. चहूकडे शांत. दहा मिनिटांनी काटा 10.2 वर.

नवी सीट, नव्या ओ-रिंग आणि दाब तरीही सरकतो. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याच्या मनात दोन मोह येतात. एक, "सीट बसायला वेळ लागतो, दोन दिवसांत जाईल." हे अर्धं खरं आहे. नवी सीट धारेवर दबून आपला ठसा करून घेते आणि पहिल्या काही तासांत आयपी थोडा हलतो. पण तो हलून स्थिरावतो, असा चढत राहत नाही. दुसरा मोह, आयपी खाली लावून द्यायचा, म्हणजे सरकून सरकून तो 10 पर्यंतच जाईल आणि सूं सूं ऐकू येणार नाही. हे मी पाहिलेलं आहे आणि त्याला मी फसवणूक म्हणते.

परत उघडलं. या वेळी सीटऐवजी ती जिच्यावर टेकते ती धार भिंगाखाली घेतली. धार म्हणजे पितळी नळीचं कपासारखं गोल तोंड, कडा जेमतेम केसाएवढी. प्रकाश तिरका पाडून हळूहळू फिरवली. बराच वेळ काही दिसलं नाही. मग एका जागी उजेड किंचित तुटला. आडवा ओरखडा, आतून बाहेर गेलेला. जुनी सीट पुन्हा काढून पाहिली तर तिच्या गोल ठशावर बरोबर त्याच जागी एक बारीक शेपटी उमटली होती. म्हणजे ओरखडा मागच्या सर्व्हिसच्या वेळचा. कुणीतरी सीट पोलादी टोच्याने उकरून काढली असणार. या कामाला पितळी किंवा प्लास्टिकचा टोच्या असतो, तो सहसा ओरखडा उठवत नाही. काका तेव्हापासून सूं सूं ऐकत आले होते आणि त्यांनी ते रेग्युलेटरचा स्वभाव म्हणून स्वीकारलं होतं. मला याचा राग आला, आजही येतो.

काही मॉडेलांत ही धार ठोकळ्यातच कोरलेली असते. तसं असतं तर मी तिथेच थांबले असते. काकांच्या मॉडेलमध्ये ती आटे फिरवून निघते आणि भाग अजून मिळतो. जुन्या साधनांच्या बाबतीत पुष्कळदा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर फिरतो: भाग मिळतो का, आणि आणखी पाच वर्षांनी मिळेल का. नवी धार, पुन्हा नवी सीट. काटा 9.5 वर गेला आणि थांबला. पर्ज 50 वेळा दाबला, काटा दर वेळी त्याच जागी. टाकी रात्रभर उघडी ठेवली. सकाळी 9.6. पुढच्या दिवशीही 9.6. हा आकडा मी कागदावर लिहिला तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, हा ठेवायचा.

सेकंड स्टेज आणि तोंडातला तुकडा

इथे काम लवकर झालं. चार वर्षं स्प्रिंगच्या दाबाखाली राहून सीटवर खोल गोल खाच पडली होती. तशी ती पडतेच. साठवणीतली रेग्युलेटर पुष्कळदा याच कारणाने गळतात. सीट बदलली. श्वास सोडण्याच्या झडपेची पापडी कडेला वळली होती, म्हणून श्वासाबरोबर पाणी आलं असतं. तीही बदलली. डायफ्राम उजेडासमोर ताणून धरला, एकही भोक नाही.

श्वास घ्यायला किती ओढ लागते हे मोजायला माझ्याकडे यंत्र आहे, पण घरच्या घरीही कळतं. हवा चालू ठेवून सेकंड स्टेज टबात तोंडाचा भाग वर धरून हळूहळू बुडवायची. हवा सुटू लागेल तेव्हा पाण्याच्या पातळीपासून डायफ्राम किती खाली आहे ते पाहायचं, तीच ओढ. पहिल्या दिवशी 6 सेंटीमीटर होती, आता 3. ऑक्टोपस, म्हणजे अडचणीच्या वेळची जादा सेकंड स्टेज, मुद्दामच थोडी जड लावली, 4 वर, म्हणजे पाण्यात लटकताना उगाच वाहत नाही. पृष्ठभागावर 3 आणि 6 यातला फरक तोंडाला फारसा जाणवत नाही. 30 मीटरवर भोवतालचा दाब 4 बार असतो, दर श्वासात चौपट हवा यंत्रातून जावी लागते, आणि तिथे तो फरक दमणुकीत दिसतो.

तोंडात धरायचा सिलिकॉनचा तुकडा वरून चांगला दिसत होता. पट्टी कापून काढला तेव्हा पट्टीखाली अर्ध्या परिघापर्यंत चीर निघाली. पट्टीनेच ती झाकून धरली होती. सर्वांत स्वस्त भाग आहे हा, आणि पाण्याखाली सेकंड स्टेज हातात आणि हा तुकडा दातांत राहिला अशी वेळ येऊ शकते. तुमच्या घरी रेग्युलेटर असेल तर आज तो तुकडा पट्टीजवळ वाकवून बघा.

नळ्या: ज्या तपासल्याच नाहीत

चार नळ्या होत्या. तीन रबरी, एक वेणीसारखी विणलेली, काकांनी 6 वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली. रबरी नळ्यांच्या टोकांवरची संरक्षक बाही मागे सरकवली तर धातूच्या कड्याला लागून बारीक भेगा होत्या. बाही नळी वाकू नये म्हणून असते, पण तीच भेगा लपवते आणि खारं पाणी धरून ठेवते. मी बाही बसवतच नाही. यावर माझ्या ओळखीचे लोक माझ्याशी वाद घालतात, घालोत.

विणलेली नळी बाहेरून नव्यासारखी. काका म्हणाले, "ही तरी राहू दे, हिला काय झालंय?" तिला काय झालं आहे हे मला दिसत नव्हतं, आणि माझा आक्षेप तोच होता. अशा काही नळ्यांच्या आतलं अस्तर पॉलियुरेथेनचं असतं. उष्णता आणि ओलावा यांनी ते आतून विघटित होतं आणि त्याचे पिवळट स्फटिक बनतात. स्फटिक सुटून सेकंड स्टेजमध्ये अडकतात किंवा नळीच बुजते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने याबद्दल डायव्हरांना सावध केलं आहे. दाब लावून तपासली तर अशी नळी पास होते. मी एवढ्या तपशिलाने सांगतेय कारण इथे दुरुस्ती नाही, मोजमाप नाही आणि बिघाड उलट्या दिशेचा आहे: हवा वाहत नाही, थांबते. चारही नळ्या कापून टाकल्या. कापल्या अशासाठी की त्या पुन्हा कुणाच्या डब्यात "सुटे भाग" म्हणून जाऊ नयेत.

प्रेशर गेज आणि काकांशी झालेला वाद

टाकीत किती हवा आहे ते दाखवणाऱ्या गेजचा काटा टाकी जोडलेली नसतानाही 10 वर उभा होता.

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "मी 10 कमीच धरतो. इतकी वर्षं धरत आलोय."

"तुम्ही धरता काका. त्याला कोण सांगणार?"

"मी सांगेन ना."

मी वाद वाढवला नाही. क्लबचं तपासणीचं गेज आणि त्यांचं गेज एकाच टाकीवर लावलं आणि त्यांनाच वाचायला सांगितलं. खऱ्या 200 बारला त्यांचं 205 दाखवत होतं. हवा सोडत गेलो. खऱ्या 100 ला 112. खऱ्या 50 ला 68. काका खुर्ची ओढून जवळ आले, चष्मा लावला, परत भरून परत सोडायला लावलं. तेच आकडे.

गेजच्या आत एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाबाने ती उलगडते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. एकदा ती नळी आपल्या मूळ वळणावर परत जात नाही म्हटलं की चूक सगळीकडे सारखी राहील असं समजायला काही आधार नाही. इथे चूक नेमकी खालच्या भागात वाढत होती, जिथे माणूस वर निघायचं ठरवतो. हिशोब काकांनीच केला. टाकी 11.1 लिटरची, चूक 18 बारची, म्हणजे जवळपास 200 लिटर हवा, जी काट्यावर आहे पण टाकीत नाही. 20 मीटरवर भोवतालचा दाब 3 बार. शांत माणूस मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरलं तर तिथे 60 लिटर जातात. म्हणजे तीन मिनिटांहून अधिक वेळाची हवा.

"म्हणजे मी 10 धरत होतो आणि होते 18," काका म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले. हे गेज दुरुस्त होतं का, असं त्यांनी विचारलं नाही. पुढची सगळी बोलणी सोपी झाली. अनुभवी माणूस साधनाच्या खोडी अंगवळणी पाडून घेतो आणि त्याला ते कौशल्य वाटतं. काकांच्या बाबतीत ते कौशल्य होतंही. पण वस्तू हस्तांतरित होते तेव्हा खोडी बरोबर जातात आणि सवयी मागे राहतात.

बीसीडी: जिथे माझा पहिला निर्णय चुकला

फुगवून रात्रभर ठेवली, सकाळी मऊ. टबात दाबली तर दोन ठिकाणी बुडबुडे: डाव्या खांद्याची हवा सोडायची झडप आणि पाठीजवळ एक सुईएवढं छिद्र. झडप उघडली, सीटखाली मिठाचा खडा होता. काढला, धुतली, बंद झाली. छिद्रावर युरेथेनचा चिकट लेप लावला, 24 तास वाळू दिला. मी काकांना फोन करून सांगूनही टाकलं की जॅकेट वाचलं.

दुसऱ्या रात्री पुन्हा मऊ. या वेळी बुडबुडे उजव्या बाजूला, शिवणीच्या अलीकडे, एक नाही, ओळीने. तेव्हा मी ते केलं जे सर्वांत आधी करायला हवं होतं. फुग्यात दोन लिटर पाणी भरलं, खूप हलवलं आणि पांढऱ्या बादलीत ओतलं. पाण्याबरोबर पिवळट पापुद्रे आले, नखाएवढे, कांद्याच्या सालीसारखे पातळ. कापडाच्या आतून जो प्लास्टिकचा थर हवा धरतो, तोच सुटत होता. छिद्र हा आजार नव्हता, त्याचं पहिलं लक्षण होतं. एक बुजवलं की दुसरं येणार, आणि सुटलेला पापुद्रा जाऊन बसणार हवा सोडायच्या झडपेखाली. मी बाहेरून चाचणी करत राहिले आणि कापड आतून काय म्हणतंय ते विचारलं नाही. आता आमच्याकडे जुन्या बीसीडीची तपासणी बादलीपासून सुरू होते.

इन्फ्लेटरचं, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायचं, बटण तर आधीच बाद केलं होतं. दाबलं की अर्धा सेकंद आत अडकून राहायचं. ते अडकलं तर जॅकेट स्वतः फुगत जातं. माणूस वर ओढला जातो आणि वर जाताना आतली हवा आणखी पसरते. 10 मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना ती दुप्पट होते, म्हणून शेवटचा टप्पा सगळ्यात वेगाने जातो. फुप्फुसांतली हवाही त्याच हिशोबाने पसरते. एरवी नवा इन्फ्लेटर लावून काम भागलं असतं. पण मरणाऱ्या फुग्याला नवा इन्फ्लेटर, नवी झडप आणि तीन दिवसांची मजुरी लावली असती तर खर्च नव्याच्या निम्म्यापुढे गेला असता आणि फुगा जुनाच राहिला असता. जॅकेट काढलं.

सिलिंडर

दोन होते, दोन्ही ॲल्युमिनियमचे. एक संचाच्या वयाचा. खांद्यावरचा शेवटचा हायड्रो चाचणीचा ठसा 6 वर्षांपूर्वीचा. अनेक देशांत ही चाचणी दर 5 वर्षांनी लागते. झडप काढून दिवा आत सोडला, गळ्याचे आटे आरशाने पाहिले, भिंती कोरड्या आणि स्वच्छ. चाचणीला पाठवला. तिथे सिलिंडर पाण्याने भरून, पाण्याच्याच कवचात ठेवून, कामाच्या दाबाच्या 5/3 पटीपर्यंत नेतात. 207 बारच्या सिलिंडरला हे 345 बार होतात. तो किती फुगतो आणि दाब काढल्यावर किती फुगलेला राहतो ते मोजतात. ॲल्युमिनियमच्या या नगांना कायमची वाढ एकूण वाढीच्या 10 टक्क्यांपुढे गेली तर बाद. आपला पास झाला. ठसा मारून आला.

दुसरा काकांनी पूर्वी कुणाकडून तरी जुना घेतलेला. त्यावरचा पहिला ठसा 1980च्या दशकातला. त्या काळातल्या बऱ्याच ॲल्युमिनियम सिलिंडरांत 6351 हा मिश्रधातू आहे. सतत दाबाखाली राहून त्याच्या गळ्यात आणि खांद्यात भेग हळूहळू वाढते, आणि असे सिलिंडर फुटलेले आहेत, काही भरत असतानाच. पुढे उत्पादक 6061 कडे वळले. अमेरिकेत 6351च्या डायव्हिंग सिलिंडरांना हायड्रोबरोबर गळ्याची एडी करंट चाचणीही बंधनकारक आहे. ती भेग पकडते.

म्हणजे मोजता येतं. माझ्याच निकषाने या सिलिंडरला संधी मिळायला हवी होती. तरी मी नाही म्हटलं. इथे मला दुसरा विचार जास्त जड वाटला. रेग्युलेटर बिघडला तर तो ज्याचा आहे त्याच्यावर बेततं, आणि त्याला निदान पर्यायी हवा असते, जोडीदार असतो. हा सिलिंडर फुटला तर तो भरणाऱ्या माणसाजवळ फुटणार. त्या माणसाने काही ठरवलेलं नाही, त्याला वय माहीत नाही, त्याला काही विचारलेलं नाही. काकांनी मान डोलावली. मी झडप काढून गळ्याचे आटे ड्रिलने खराब केले, म्हणजे आता त्यावर झडप चढूच शकत नाही.

बाकीचं

5 मिलिमीटरचा वेटसूट छातीवर 3.5 भरला. निओप्रीनमधले हवेचे कप्पे दबून गेले की ऊब जाते, शिवण कितीही चांगली असो. तसाही पुतण्याच्या मापाचा नव्हता. मास्कचं सिलिकॉन पिवळं पडलं होतं पण लवचिक होतं, काच शाबूत. पट्टा आणि बकलं बदलून ठेवला. फिन्स ठेवल्या.

कॉम्प्युटरच्या बॅटरीच्या खणात हिरवट डाग होता. तो साफ करून, नवी ओ-रिंग आणि बॅटरी घालून एकाच दोरीला तीन कॉम्प्युटर बांधून खाली सोडले. खोलीचे आकडे जुळले. पण तो पुतण्याला दिला नाही, काकांकडेच ठेवायला लावला. कॉम्प्युटर एका शरीरातल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवतो. दोघं एकाच दिवशी आलटूनपालटून तो वापरणार असतील तर तो दोघांशीही खोटं बोलेल.

सर्व्हिस झालेल्या रेग्युलेटरची पहिली डाइव्ह मी स्वतः करते, आणि उथळ पाण्यात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या एक-दोन डाइव्हमध्येच बरेच दोष वर येतात: नीट न आवळलेली जोडणी, उलटी बसलेली पापडी. तलावात अर्धा तास, मग 10 मीटरवर. कोरडा श्वास, शांत. वर आल्यावर आयपी परत मोजला, 9.6.

रेग्युलेटरला मी प्लास्टिकचा एक टॅग बांधला: आयपी 9.6, ओढ 3 आणि 4, नळ्या नव्या, धार नवी, तारीख. पुतण्या न्यायला आला तेव्हा नवं जॅकेट हातात घेण्याआधी त्याने तो टॅगच उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे 9.6 काय आहे?" मी सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी माझ्या हातातून गेज घेतलं होतं. "ये इकडे," ते म्हणाले, "हा काटा बघ. हा इथे येऊन थांबला पाहिजे. थांबला नाही तर पाण्यात उतरायचं नाही." मग त्यांनी त्याला पर्ज दाबायला लावला, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. दोघंही काट्याकडे बघत उभे राहिले.